पांढऱ्या गादीवरचे बूट

तीन दिवसांच्या क्रीडा महोत्सवाच्या पहिल्या सकाळी मी मैदानावर पोचले आणि आमच्या स्टॉलमध्ये पसरलेली पांढरीशुभ्र गादी पाहून मला वाटलं, आपण चुकीच्या जागी आलो. वर बघितलं. कापडी बोर्ड आमच्याच कंपनीचा होता, त्यावरचा धावणारा माणूसही आमचाच. खाली मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत गादी, तिच्यावर कडक इस्त्रीची चादर आणि तिन्ही बाजूंना ओळीने लोड. मला बूट विकायचे होते, खेळाचे बूट. आणि मंडपवाल्याने मला साड्यांची पेढी मांडून दिली होती.

ज्यांनी सुरतचं कापड मार्केट पाहिलं नाही त्यांना हे सांगायला हवं. तिथे दुकान म्हणजे गादी. दुकानात पाय ठेवायच्या आधी चपला बाहेर काढायच्या, गादीवर मांडी घालून बसायचं, लोडाला टेकायचं. आधी पाणी येतं, मग चहा येतो, मग गावाकडचं विचारून होतं आणि मग कुठे माल उलगडायला सुरुवात होते. महोत्सव भरवणारे सगळे कापडाचे व्यापारी होते आणि मंडपवाला त्यांचा नेहमीचा. त्याला 'स्टॉल' एवढंच सांगितलं गेलं होतं. त्याच्या लेखी स्टॉल एकाच जातीचा असतो.

मी त्याला शोधून काढलं. तो कबड्डीच्या मैदानाच्या कडेला उभा राहून खांब ठोकून घेत होता. मी म्हटलं, गादी काढा. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याने ती आपण होऊन, वेगळे पैसे न लावता घातली होती. बेन एकटी आहे, तिचं दुकान तरी शोभून दिसावं म्हणून. मी सांगितलं की माझ्याकडे लोक बूट घालून उभे राहणार, चालून बघणार, उड्या मारून बघणार. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "बेन, गादी वगरनी दुकान होय?" गादीशिवाय कधी दुकान असतं का!

वाद घालून मी थकले. शेवटी त्याने खरं कारण सांगितलं. खाली जमीन उकरलेली होती. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहरभर गटारं आणि रस्ते खणायचं जे सुरू झालं होतं ते या मैदानापर्यंत आलं होतं, आणि आमच्या रांगेखाली अर्धवट बुजवलेला चर होता. त्यावर विटा, विटांवर फळ्या, फळ्यांवर गादी. गादी काढली तर फळ्यांच्या फटीत माणसाचा पाय जाईल. दुसऱ्या फळ्या नाहीत, मजूर दुसऱ्या कामावर गेलेत, उद्या बघू. सुरतमध्ये 'उद्या बघू' ऐकलं की ते काम झालं नाही असं धरून चालायचं, हे मला तोवर कळलेलं होतं.

माझी चिडचिड नुसती गादीवरून नव्हती. त्या तीन दिवसांवर माझं बरंच काही टांगलेलं होतं. मी तेव्हा एका मोठ्या दुकानाच्या कोपऱ्यात कंपनीचं काउंटर सांभाळायचे, तेही टेंपररी. कंपनी सुरतला स्वतःचं शोरूम उघडणार होती आणि ते उघडलं की तो कोपरा बंद होणार होता. मुंबईच्या साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की महोत्सवाचा स्टॉल नीट चालवून दाखवलात तर शोरूम तुमच्याकडे, नाहीतर अहमदाबादचा एक माणूस तयार आहे. म्हणजे एकतर शोरूम, नाहीतर घर.

आणि घरी बसणं काही सोपं नव्हतं. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, लिंबायतला लूमवर, यंत्रमागावर, कामाला होते. धुळ्याकडचं गाव सोडून आलेले. बाकी कशाला त्यांनी मला अडवलं नाही. मराठी शाळेत घातलं, खो-खो खेळू दिलं, कॉलेजात पाठवलं. पण मी बुटांच्या काउंटरला लागले आणि त्यांनी माझ्याशी कामाबद्दल बोलणं बंद केलं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की ही गिऱ्हाइकाच्या पुढ्यात गुडघ्यावर बसते आणि त्याच्या पायात बूट घालते. ते आईला म्हणाले, "लोकेसना पायले हात लावाना काम. आपली आंडेर करी राहिनी." मी पडद्यापलीकडे होते, मला ऐकू जावं म्हणूनच बोलले. परक्या माणसाच्या पायाला आपल्या आंडेरने, मुलीने, हात लावायचा, हे त्यांच्या गळी उतरेना. मग आईने मध्ये पडून ठरवलं की शोरूमचं काय ते होऊ द्या. पोरगी तिथली मुख्य झाली तर बघू, नाही झाली तर सोडून देईल. शेजाऱ्यांनी विचारलं तर आई 'कंपनीत आहे' एवढंच सांगायची. कसली कंपनी ते ती सांगत नसे.

तेव्हा त्या सकाळी मी पदर खोचला आणि गादीवर बुटांचं दुकान लावायला घेतलं. लोखंडी मांडणी उभी केली तर तिचे पाय गादीत रुतले आणि ती एका अंगाला कलली. वरच्या रांगेतले खोके धडाधड खाली. पायांखाली विटा घातल्या, तर मंडपवाला धावत आला, चादर मळेल म्हणून. विटांवर वर्तमानपत्र गुंडाळलं. आरसा उभा राहीना, म्हणून तो लोडाला टेकवला. त्यात पायांऐवजी मंडपाचं छत दिसायचं.

आणि गिऱ्हाईक यायला लागलं. तक्रार करावी तर गिऱ्हाइकाचीही करता येत नव्हती, कारण सुरतच्या माणसांइतकी मोकळी माणसं मी कुठे पाहिली नाहीत. पण गादी दिसली की त्यांचे पाय आपोआप चपलांतून बाहेर यायचे. अख्खं कुटुंब चढायचं. सासूबाई लोडाला टेकायच्या, मुलं कोलांट्या मारायची, आणि घरातला कर्ता पुरुष मला पाणी आहे का विचारायचा. मग तो म्हणायचा, दाखवा. साड्या दाखवतात तसं सगळं दाखवायचं. एकेक खोका उघडायचा, कागद बाजूला करायचा, बूट हातात द्यायचा. लोक तो उलटा करून बघायचे, तळ दाबायचे, आत हात घालून बोटं फिरवून बघायचे. पायात मात्र कोणी घालेना.

मी म्हणायचे, घालून उभे राहा ना. तर ते माझ्याकडे असं बघायचे की मी देवघरात चिखलाचे पाय घेऊन जा म्हटलंय. मी सांगून बघितलं की बूट कोरे आहेत, त्यांनी अजून जमीन पाहिलेली नाही. एका गृहस्थाला ते पटलं. त्याने बूट घातले, पण गादीला टेकवायला तो तयार होईना. लोडावर पाठ टाकून, दोन्ही पाय वर हवेत धरून तो बायकोला विचारत होता, कसे दिसतात. बायको म्हणाली छान दिसतात. पण चावतात का, हे पाय हवेत ठेवून कसं कळणार? तो म्हणाला विचार करून येतो. तो आला नाही.

मग मी बूट घेऊन खाली उतरायला लागले. गादीच्या कडेला वर्तमानपत्रं अंथरली आणि म्हटलं, इथे उभे राहा. पण तिथे चपलांचा ढीग. शेजारच्या ग्लुकोजच्या स्टॉलवर उभ्या असलेल्यांच्या चपलाही तिथेच, कारण सगळे चपला काढतायत म्हटल्यावर येणाऱ्यांनी तिथेच काढल्या. नवीन बूट कुठले आणि जुने कुठले हे दुपारपर्यंत मलाच कळेना. कबड्डीच्या मैदानावरून लाल धूळ यायची ती वेगळी. एक जोड मी तीनदा पुसला आणि चौथ्यांदा तसाच खोक्यात टाकला.

आणि चपला हरवल्या की लोक माझ्याकडे यायचे. मी काय चपला राखायला बसले होते? तरी शोधून द्यायचे.

दुसऱ्या दिवशी एक वयस्कर शेठ आले, महोत्सवाच्या मंडळींपैकीच कोणी असावेत. त्यांना खरोखर बूट हवे होते, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मी खाली बसून त्यांच्या पायात बूट चढवायला हात पुढे केला, तर त्यांनी पाय एकदम मागे ओढून घेतले. मुलीकडून पायाला हात लावून घ्यायचा नसतो, असं म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, नीट आशीर्वाद दिला आणि बूट न घेता गेले. मी तशीच गुडघ्यावर बसून राहिले. घरी बाप म्हणतो लोकांच्या पायाला हात लावू नको, इथे लोक म्हणतात आमच्या पायाला हात लावू नको. सगळ्यांचं एकमत होतं, फक्त कंपनीचं तेवढं वेगळं होतं.

त्या संध्याकाळी मी मंडपवाल्याला पुन्हा गाठलं. या वेळी मी ओरडले, मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो रागावला नाही. त्याने माझ्यासाठी चहा मागवला आणि म्हणाला, चादर बदलून देतो, मळली आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी खरंच नवीन चादर होती, आदल्यापेक्षा पांढरी.

तिसऱ्या दिवशी साहेब येणार होते. रविवार होता, लूमवाल्या वस्त्यांतल्या संघांची कबड्डीचे शेवटचे सामने होते आणि गर्दी फार. मी पहाटेच उठून आवरलं. शटल रिक्षात दोघींच्या मध्ये दबून येताना मनातल्या मनात साहेबांशी बोलत होते. आधी गादीचं सांगायचं, मग चराचं, मग म्हणायचं की तरीही बघा, बूट गेलेत. गेले होतेच थोडे. तरुण पोरांनी घेतले होते, खाली धुळीत उभं राहून, एका पायावर नाचत.

साहेब दुपारी आले. पांढरा शर्ट, काळा गॉगल, पायात आमच्याच कंपनीचे सगळ्यात महाग बूट. त्या वेळी गादीवर एक कुटुंब बसलेलं होतं, आजोबा, आजी, सून आणि दोन मुलं. मी त्यांच्यापुढे खोके उघडून बसले होते. साहेबांनी लांबूनच विचारलं, "हे काय, भजन आहे का इथे?"

मी उठले. ठरवलेलं सगळं सांगायला तोंड उघडलं. पण त्यांना ऐकायचं नव्हतं. ते म्हणाले की खेळाचे बूट विकतो आपण, लोकांना उभं करायचं, चालवायचं, पळवायचं, आणि तुम्ही लोळवताय. मी चराबद्दल सांगितलं. ते म्हणाले अहमदाबादच्या माणसाने ही गादी पाच मिनिटांत उचलायला लावली असती. मला वाटलं, म्हणावं की आणा त्याला, हा मंडपवाला त्यालाही चहा पाजेल. मग ते म्हणाले, बघा, असं करायचं असतं. आणि लोकांना दाखवायला म्हणून ते पुढे झाले आणि बुटांसकट गादीवर चढले.

तीन दिवस मी त्या गादीच्या नावाने बोटं मोडत होते. ती जळून गेली असती तर मला आनंद झाला असता. तरीही त्या कोऱ्या चादरीवर बुटाचा लाल मातीचा ठसा उमटलेला पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, बूट काढा."

विचार करून नाही बोलले. लहानपणापासून जे अंगात भिनलेलं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. समोर आजोबा बसलेले, त्यांच्या पुढ्यात बुटाचा पाय. मी बूट विकायला बसलेली, कंपनीच्या साहेबाला, कंपनीचेच बूट पायातून काढायला सांगत होते.

आजोबा उठले. सुनेने मुलांना गोळा केलं. जाताना आजीबाईंनी उघडा खोका नीट बंद करून माझ्या हातात दिला. शेजारचा ग्लुकोजवाला मान फिरवून उभा राहिला. साहेबांनी आपल्या पायांकडे बघितलं आणि ते खाली उतरले. चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही बोलता आलं असतं. ते म्हणाले, "शोरूमला अहमदाबादचा माणूस येईल. इथला हिशोब आणि माल त्याच्याकडे द्या." मग पलीकडच्या पत्र्याच्या खुर्चीवर जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसले आणि चहा मागवला.

एवढंच. कबड्डीत मधल्या रेषेशी परत पोचलेला गडी हात टेकवायच्या आत पकडला जावा तसं झालं. मला रडू आलं नाही, राग आला. गादीचा, मंडपवाल्याचा, साहेबांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा. आणि तरीही ते वाक्य परत घ्यावंसं वाटत नव्हतं, याचाही राग आला. मी ओल्या फडक्याने चादरीवरचा ठसा पुसायला बसले. माती आणखीच पसरली.

तेवढ्यात समोर सावली पडली म्हणून वर बघितलं, तर आप्पा.

मला आधी विश्वास बसेना. आमच्या भागात लूमला रविवारी रजा नसायची. विजेच्या हिशोबाने प्रत्येक भागाची रजा वेगळ्या वारी, आमची अजून लांब होती. आप्पा लग्नाकार्याला सुद्धा पाळी बदलून घ्यायचे नाहीत, उपकार नको म्हणायचे. आज कोणाला तरी आपल्या मशिनींवर उभं करून आले होते. अंगावर धुतलेला सदरा, जो फक्त गावी जाताना निघायचा. त्यांनी चपला काढल्या, ढिगात न टाकता एका बाजूला जोडून ठेवल्या, खांद्यावरच्या टॉवेलने दोन्ही तळपाय पुसले आणि गादीवर चढून लोडाला न टेकता ताठ बसले. तीन दिवसांत एवढं व्यवस्थित गिऱ्हाईक माझ्याकडे आलं नव्हतं.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. बोर्ड, मांडणी, खोके, मी. मग म्हणाले, "काय इकस ते दखाड."

मी सगळ्यात मोठ्या मापाचा जोड काढला. आप्पांचे पाय मी आयुष्यभर पाहिलेले होते, पण मापाच्या नजरेने पहिल्यांदा बघितले. लांबीला फार नव्हते. पण लूमपुढे बारा-बारा तास अनवाणी उभं राहून पंजा पसरून गेलेला, करंगळी वेगळीच निघालेली. आमच्या कंपनीचे सगळे बूट पुढे निमुळते. मी पहिला जोड चढवून बघितला, अंगठ्यापाशी अडला. दुसरा करंगळीपाशी. तिसऱ्याची नाडी मी पूर्ण ओढून बाहेर काढली, बूट दोन्ही हातांनी फाकवला आणि खाली बसून हळूहळू त्यांचा पाय आत सरकवला. हे सगळं होईपर्यंत आप्पा माझ्या हातांकडे बघत होते. पाय त्यांनी ओढून घेतला नाही.

बूट पायात गेला, पण टाच गादीला टेकवायला तेही तयार होईनात. पाय तसाच हवेत. मग मी माझा तळहात बुटाखाली धरला आणि म्हटलं, इथे टेकवा, जोर द्या, म्हणजे चावतो का ते कळेल. मग त्यांनी खरोखर माझ्या हातावर जोर दिला. मी दुसऱ्या हाताने बुटाचं नाक दाबलं, अंगठा कुठवर पोचलाय ते चाचपलं, टाचेमागे बोट घालून बघितलं, जसं रोज बघते तसं.

आप्पा म्हणाले, "सगळासले आसंच घालस का?"

मी म्हटलं, हो.

त्यांच्या पाठीमागे पत्र्याच्या खुर्चीवर साहेब चहा पीत होते. आप्पांना ते कोण हे माहीत नव्हतं. मैदानावर शिट्टी झाली आणि लोक ओरडले, आमच्या भागातल्या संघाने गडी पाडला असावा. आप्पांनी तिकडे बघितलं नाही. ते पायातल्या बुटाकडे बघत होते, आणि मी नाडी पुन्हा ओवत होते, खालच्या भोकापासून वरपर्यंत.

"काम वाईट नही," ते म्हणाले. "करत ऱ्हाय."

मी मान वर केली नाही. नाडीची गाठ मारून झाली होती, ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.